दुसरं मत घेताना ब्लॉक आणि स्लाइड्स सोबत हव्यात
आईचे बायोप्सीचे (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचे) रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवून कॅन्सरच्या निदानावर दुसरं मत मिळेल का, असं एकांनी विचारलंय. मिळेल, पण अर्धवट. रिपोर्ट हे पहिल्या पॅथॉलॉजिस्टचं, म्हणजे तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरचं मत आहे. ते पडताळायला मूळ स्लाइड्स (तुकड्याचे काचेवरचे पातळ काप) आणि पॅराफिन ब्लॉकच (तो तुकडा जपलेला ठोकळा) लागतात. बायोप्सी तपासलेल्या लॅबकडे लेखी अर्ज करून ते मागा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळतोय ना, हे तिथेच बघा, नाहीतर पुढे सगळं अडतं. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अशी फेरतपासणी होते. सीटी-पेट स्कॅनची नुसती फिल्म पुरत नाही, डायकॉम फाइल्सची (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमांची) सीडी घ्या. आणि लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) शंका असेल तर स्टेरॉइडआधी बायोप्सी झालीय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. स्टेरॉइडने गाठ आक्रसते आणि निदान निसटू शकतं.