पिटकेर्नचा खटला: बेटाची ओळख आधी की कायदा?

दांडियाबाजारकर: पिटकेर्नचं वाचून डोकं फिरलं. पॅसिफिकमधलं ब्रिटनच्या ताब्यातलं इवलंसं बेट, बाउंटी या ब्रिटिश जहाजावर १७८९ ला बंड केलेल्या खलाशांचे वंशज, २००४ ला जेमतेम ४७ माणसं. त्यातल्या सात पुरुषांवर लहान मुलींवरच्या अत्याचारांचा खटला, सहा दोषी. बचाव काय तर पूर्वजांनी १७९० ला जहाज जाळलं तेव्हाच ब्रिटनशी नातं संपलं, तुमचा कायदा आम्हाला लागूच नाही! २००६ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे अशा प्रदेशांच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, अपील फेटाळलं, उत्तम केलं. ओळखीच्या नावाखाली पोरींचं वाटोळं चालणार नाही.

रावपुरावाला: काका, गुन्हा तो गुन्हाच, त्यावर वादच नाही. पण ज्या ब्रिटिश कायद्याखाली शिक्षा झाली तो बेटावर कधी धड जाहीरच केला नव्हता, हाही बचावाचा मुद्दा होता, तो कसा उडवून लावता? आणि लांबून येणारा कायदा एवढ्यावर थांबत नाही. याच लोकांचे नातेवाईक १८५६ ला नॉरफोक बेटावर गेले, तिथली विधानसभा ऑस्ट्रेलियाने २०१५ ला बंद केली, लोकांनी मतदान करून सांगितलं होतं की आमचं आम्हाला ठरवू द्या, तरीही.

मांजलपूरची मावशी: खटला झाला नसता तर त्या मुलींनी जायचं कुठे? बेटावरचा पोलीस बेटावरचाच, कोणाचा तरी चुलत नाहीतर मामेभाऊ. बोट चालवायला हीच माणसं, ती तुरुंगात गेली तर जहाजावरून सामान कोण उतरवणार ही भीती सगळ्यांना, मग तोंड कोण उघडणार? तो तुरुंगसुद्धा बेटावरच्यांनीच बांधला.

दांडियाबाजारकर: मावशी, अगदी हेच. आणि तक्रार करणाऱ्या बायकाही पिटकेर्नच्याच ना, न्यूझीलंडहून व्हिडिओवर साक्ष दिली त्यांनी, मग ती ओळख त्यांची नाही का? नातं संपलं म्हणता, तर १८३८ ला याच लोकांनी ब्रिटिश कप्तानाकडून नियम का मागून घेतले? त्यात बायकांना मत होतं, मुलांना सक्तीची शाळा होती. आपल्या बडोद्यातही १९०४ ला सयाजीराव महाराजांनी बालविवाहाचा कायदा केला तेव्हा धर्मात ढवळाढवळ म्हणून ओरड झालीच, लोकांनी दंड भरून लग्नं लावली. म्हणून काय महाराजांनी कायदा करायचाच नव्हता?

रावपुरावाला: महाराज इथेच राहत होते हो, लोकांना तोंड द्यावं लागायचं. लंडनने वर्षानुवर्षं तिथे नीट लक्ष दिलं नाही आणि मग एकदम न्यायाधीश धाडले. पोरींना न्याय मिळाला, मान्य. पण इतकी वर्षं पहारा का नव्हता, याबद्दल ब्रिटनमधल्या एका तरी अधिकाऱ्याला शिक्षा झाल्याचं दाखवा.