स्प्लिट एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतो का?

प्रश्न: दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, गॅस आर-३२. गार होत नाही, बाहेरच्या बारीक पाइपवर बर्फ धरतो. मेकॅनिक म्हणतो, गॅस संपला, टॉप-अप करू. करावं का?

उत्तर १: आधी फिल्टर धुऊन बघा, कॉइल चोंदली तरी बर्फ धरतो, पण तो बहुधा जाड पाइपवर. बारीक पाइपवर बर्फ म्हणजे गॅस कमी. आणि गॅस ‘संपत’ नाही, गळतो! फ्लेअर नटापाशी (पाइपचं पसरवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, घट्ट धरणारा नट) तेलकट डाग दिसतो का पाहा, साबणाचा फेस लावा.

उत्तर २: गळती काढल्यावर नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहायचा, मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा काढून दाब ५०० मायक्रॉनखाली (मायक्रॉन हे इथे निर्वाताचं माप) आणायचा. गॅस वजनकाट्यावर, नेमप्लेटवर लिहिलाय तेवढाच. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, म्हणून नुसता दाबाचा गेज बघून भरलेला गॅस हमखास चुकतो.

उत्तर ३: आर-३२ पेट घेऊ शकतो. सिस्टीममध्ये गॅस असताना ब्रेझिंग (ज्योतीने पाइप जोडणं) नको, खिडक्या उघड्या ठेवा. आर-४१०ए हा दुसरा गॅस असता तर तो दोन वायूंचं मिश्रण असल्यामुळे द्रवरूपातच भरावा लागला असता.

प्रश्नकर्ता: जाड पाइपच्या नटाखाली तेल आहे.

उत्तर १: मग फ्लेअर कापून नवा करा. नुसता नट जोरात आवळलात तर तांबं चिरू शकतं.