जावास्क्रिप्टने वेबपेजच्या घटकांवरचा क्लास (घटकाला दिलेलं गटाचं नाव) काढताना निम्मेच घटक का बदलतात?

प्रश्न: 'सिलेक्टेड' क्लासचे 6 घटक गेटएलिमेंट्सबायक्लासनेमने घेतले. फॉर लूपमध्ये क्लासलिस्ट.रिमूव्ह चालवलं, तरी 3 घटकांवर क्लास तसाच. कन्सोलमध्ये एररही नाही.

उत्तर: गेटएलिमेंट्सबायक्लासनेमने मिळणारा संग्रह लाइव्ह असतो, म्हणजे पेजमधले बदल त्यात लगेच उमटतात. क्लास निघताच घटक संग्रहातून गळतो, दुसरा 0 व्या जागी सरकतो आणि तुमचा आय (लूपमधला मोजणीचा आकडा) तोवर 1 वर पोचलेला असतो. लूप शेवटाकडून उलटा फिरवा.

उत्तर: उलटा लूप कशाला? क्वेरीसिलेक्टरऑल वापरा. यादी स्थिर मिळते, फॉरईचही (प्रत्येक घटकावर तेच काम करणारी मेथड) थेट चालतं. क्लासच्या नावाआधी टिंब मात्र हवंच. नाहीतर ते टॅगचं नाव समजलं जातं आणि गुपचूप रिकामी यादी हातात येते.

प्रश्नकर्ता: चाललं! पण '.3डी' वर सिंटॅक्स एरर येते.

उत्तर: अंकाने सुरू होणारं नाव सिलेक्टरमध्ये (क्वेरीसिलेक्टरऑलला दिलेल्या मजकुरात) तसंच चालत नाही. ते सीएसएस.एस्केप या फंक्शनमधून काढा, म्हणजे चालेल असं होऊन मिळतं; टिंब मात्र बाहेर ठेवून.