प्रतिज्ञापत्र असलं तरी साक्षीदार लागतोच

मृत्युपत्रावरच्या साक्षीदाराचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र पुरेल का, असं एकाने विचारलंय. घर नावावर करताना सोसायटीत कुणी हरकत घेत नसेल तर बऱ्याचदा भागतं. पण भावाबहिणींपैकी एकानेही कोर्टात आव्हान दिलं, की नुसत्या कागदावर काम होत नाही. दोनपैकी किमान एक साक्षीदार हयात आणि येण्याजोगा असेल, तर त्याला साक्षीला उभं करावंच लागतं; मृत्युपत्र नोंदणीकृत असलं तरी. सरतपासणी (म्हणजे आपल्याच बाजूची साक्ष) प्रतिज्ञापत्रावर देता येते, उलटतपासणी मात्र चुकत नाही.

आमच्या वडिलांच्या वेळी साक्षीदार कळव्याचे काका होते. त्यांच्या प्रतिज्ञापत्राच्या पहिल्या मसुद्यात फक्त 'सही माझी आहे' एवढंच होतं. कोर्टनाक्यावरच्या वकिलांनी तो तिथेच परत केला. म्हणाले, "मृत्युपत्र करणाऱ्याने तुमच्यासमोर सही केली आणि तुम्ही त्यांच्यासमोर, हे कुठाय?" १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ नेमकं तेच मागतं. काका तेव्हा ७८ वर्षांचे, गुडघे गेलेले, तरी जिना चढून आले.

दोन्ही साक्षीदार वारले असतील तर एकाचं तरी हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारं माणूस शोधा. सही ताडून पाहायला बँकेच्या जुन्या स्लिपा कामी येतात, त्या फेकू नका.