पिसोळी: पुणे महापालिकेची ड्रेनेज लाईन ९०० मीटरवर थांबली आहे. ती पुढे आणायचं कोण आणि कशावर ठरवतं?

पिसोळीकर_४२०

नमस्कार मंडळी. सोसायटी ४२० फ्लॅटची आहे. बांधकाम परवानगी गाव महापालिकेत येण्याआधीची, म्हणजे जून २०२१ च्या आधीची. एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) २५० केएलडीचा, म्हणजे दिवसाला अडीच लाख लिटरचा असून चालू आहे. फ्लशिंग आणि बागेला वापरून उरलेलं पाणी टँकरने जातं आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये चढतो. महापालिकेची लाईन डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्यावर आमच्यापासून साधारण ९०० मीटरवर शेवटच्या चेंबरला थांबते. मधल्या दोन गटांची रस्त्याची जागा अजून ताब्यात आलेली नाही. शेजारी दोन नवे प्रकल्प चालू आहेत.

लाईन वाढवायचा निर्णय नेमका कशावर होतो? रहिवाशांची संख्या, अर्जांची संख्या की आणखी काही? सोसायट्यांनी मिळून पैसे भरले तर काम लवकर होतं का? आणि अर्जासोबत काय जोडलं म्हणजे तो फाईलमध्ये नुसता पडून राहणार नाही?

लेव्हल_आधी

संख्या हा मुद्दा नंतरचा. पहिला प्रश्न नेहमी खालच्या बाजूचा: शेवटचं चेंबर किती खोल आहे, त्यापुढची लाईन किती मिलिमीटरची आहे आणि ती कुठल्या केंद्रावर पोचते. लाईन खालून वर बांधत न्यायची असते. वरचा तुकडा आधी टाकला आणि खाली जागा नसेल, तर मैला पहिल्या कमकुवत चेंबरमधून ओढ्यातच उतरतो. फरक इतकाच की तो तुमच्या दाराऐवजी दुसऱ्याच्या दारात जातो.

तुमचा आकडा काढू. ४२० फ्लॅट, घरटी ५ माणसं, म्हणजे २१०० लोक. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्याचं ८० टक्के सांडपाणी धरलं, तर दिवसाला सुमारे २ लाख २७ हजार लिटर. सरासरी सेकंदाला २.६ लिटर. वीस हजारांपर्यंतच्या लोकसंख्येला सकाळच्या गर्दीचा गुणक ३ धरतात, म्हणून ७.९ लिटर. एवढ्याला २०० मिमीचा पाईप पुरून उरतो.

पण महापालिका फक्त तुमच्यापुरती लाईन टाकणार नाही, आणि टाकूही नये. शेजारचे दोन प्रकल्प आणि त्या उतारावरची मोकळी जमीन मिळून उद्या १२ हजार लोक धरले, तर सरासरी १५ आणि गर्दीच्या वेळी ४५ लिटर प्रति सेकंद. ३०० मिमीचा पाईप १:४०० उतारावर पूर्ण भरून साधारण ४८ लिटर वाहतो. म्हणजे ३०० मिमी जेमतेम बसतो. उतार त्याहून तीव्र मिळाला तर निवांत.

आता उलटी बाजू. त्याच ३०० मिमीच्या लाईनमध्ये आज फक्त तुमचे ७.९ लिटर आले, तर वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास राहतो. मैला आणि वाळू वाहून जायला किमान ०.६ मीटर लागतो. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं गाळ बसणार आणि जेटिंग (पाण्याच्या जोरदार झोताने सफाई) ठरवून करावं लागणार. "मोठी लाईन टाका, म्हणजे पुढची चिंता नको" ही मागणी म्हणूनच धोक्याची. ६०० मिमीच्या लाईनमध्ये तुमचं पाणी तळाशी रेंगाळेल, सडेल, त्यातून हायड्रोजन सल्फाईड निघेल आणि तो आरसीसी पाईपचा माथा आतून खात जाईल.

खोलीचा हिशोब सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या सोसायटीच्या शेवटच्या चेंबरची इनव्हर्ट (पाईपच्या आतल्या तळाची पातळी) १.५ मीटर खोल धरा. ९०० मीटरला १:४०० ने २.२५ मीटर उतार जातो. रस्ता सपाट असेल तर पाईप तिकडे ३.७५ मीटर खोल पोचेल. तिथलं महापालिकेचं चेंबर २.४ मीटरच असेल, तर जोड बसत नाही; रस्त्याला स्वतःचा किमान १.३५ मीटर उतार हवा. मध्ये चढ असेल तर त्या ठिकाणी खोदाई आणखी खोल. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. तीन मीटरच्या खाली ब्रेकर लागला की कामाचा खर्च आणि दिवस दोन्ही हाताबाहेर जातात.

म्हणून अर्जाच्या आधी सर्व्हेअरकडून दर ३० मीटरला रस्त्याच्या लेव्हल (उंची) घ्या, महापालिकेच्या शेवटच्या चेंबरची झाकणाची आणि तळाची लेव्हल घ्या, आणि एल-सेक्शन (लाईनच्या लांबीभर रस्ता आणि पाईप यांची उंची दाखवणारा उभा छेद) काढा. एका पानाचं काम आहे, पण कनिष्ठ अभियंत्याचं निम्मं काम त्यानं होतं. चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. लेव्हल स्टाफ (उंची मोजायची पट्टी) वरूनच टेकवायचा.

पूर्वगणनपत्रक

वरच्या तांत्रिक भागात काही घालायचं नाही. कागदाची बाजू लिहितो.

निर्णय तीन ठिकाणी अडतो: जागा, अंदाजपत्रकातलं शीर्षक (कामासाठीची तरतूद) आणि पुढची क्षमता.

जागा. डीपी रस्ता नकाशावर असला तरी ताबा मिळेपर्यंत ती खासगी जमीन आहे. तुमच्या दोन गटांच्या मालकांना टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क), एफएसआय (त्याच जमिनीवर जादा बांधकाम) किंवा रोख मोबदला यांपैकी काय हवं आहे आणि प्रस्ताव कुठल्या टप्प्यावर आहे, ते विचारा. अंतिम मोबदला ठरायच्या आधी मालक आगाऊ ताबा देऊ शकतो. तेवढ्यावर लाईन टाकता येते. रस्ता नंतर झाला तरी चालतो. प्रत्यक्षात फाईल याच एका कागदावर अडते आणि पत्रव्यवहार मात्र "ड्रेनेज खातं दखल घेत नाही" असा चालू राहतो. ड्रेनेज विभाग जागा ताब्यात घेत नाही, हे लक्षात ठेवून अर्जाची प्रत भूसंपादन आणि पथ विभागालाही द्या.

अंदाजपत्रक. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण विभागांच्या मागण्या हिवाळ्यातच गोळा होतात. ऑक्टोबरपर्यंत एल-सेक्शनसह अर्ज गेला तर पूर्वगणनपत्रकाला (कामाच्या खर्चाच्या तपशीलवार अंदाजाला) वेळ मिळतो. फेब्रुवारीत गेलेला अर्ज पुढच्या वर्षावर. मधल्या काळात कुणी "वर्गीकरण करून देतो" म्हणालं तर ते दुसऱ्या कामाचे पैसे वळवणं असतं. तुकड्याच्या कामाला ते चालतं, ९०० मीटरला नाही. 'स' यादीतूनही (नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांची तरतूद) एका हप्त्यात एवढी लाईन होत नाही. मग ३०० मीटर टाकली जाते आणि दोन्ही टोकं बंद करून ठेवतात. तुकडा करायचाच असेल तर खालच्या टोकाकडून करा, असं लेखी मागा.

पैसे आधीच भरले गेलेत का, तेही बघा. एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम १२४अ खाली विकास शुल्क बांधकाम परवानगीच्या वेळीच घेतात. २०२१ ला आलेल्या २३ गावांत गोम अशी की हद्द महापालिकेत आली, पण शासनाने नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नेमलं. शुल्क एकीकडे आणि लाईन टाकायची जबाबदारी दुसरीकडे, असं झालं. २०१७ च्या ११ गावांत हा गुंता नाही. अर्जात विकासकाने कधी, किती आणि कुठे शुल्क भरलं त्या पावत्या जोडा. त्याच फाईलमध्ये "सार्वजनिक मलवाहिनी उपलब्ध होईपर्यंत व्यवस्था विकासकाची" असं हमीपत्र आहे का, ते माहिती अधिकारात मागवा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत.

क्षमता. जुन्या हद्दीतल्या नऊ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची मिळून क्षमता ४७७ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). जायका (जपानी अर्थसहाय्य संस्था) प्रकल्पातली ११ नवी केंद्रं ३९६ एमएलडीची. ९९० कोटींच्या त्या प्रकल्पाला २०१६ च्या सुरुवातीला मंजुरी मिळाली, गावं येण्याच्या आधी. त्यामुळे समाविष्ट गावांच्या प्रत्येक लाईनला "हे पाणी कुठल्या केंद्रावर, आणि तिथे वाटा आहे का" हा प्रश्न विचारला जाणारच. तो तुम्हीच आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

एक गोष्ट तातडीची: तो रस्ता काँक्रीटचा करायचं नियोजन असेल तर त्याआधी लाईन झालीच पाहिजे. काँक्रीट झाल्यावर खोदाई परवानगी मिळणं जवळजवळ अशक्य. आणि पावसाळ्यात खोदाई बंद असते, म्हणजे कामाचे खरे महिने ऑक्टोबर ते एप्रिल.

पिसोळीकर_४२०

दोघांचेही आभार. एल-सेक्शन काढून घेतो. एक पर्याय पुढे आला आहे: शेजारचा विकासक म्हणतो, डीपी रस्ता सोडून ओढ्याच्या कडेने २५० मिमीची लाईन तो स्वतःच्या खर्चाने टाकून देईल, आम्ही फक्त संमती द्यायची. घ्यावा का?

लेव्हल_आधी

नकाशा न बघता संमती देऊ नका. ओढ्याची कडा स्वस्त पडते, कारण उतार आयता मिळतो आणि जागेचं भांडण नसतं. म्हणूनच पुण्यात इतक्या लाईनी ओढ्यांत आहेत. त्याची किंमत नंतर मोजावी लागते. पावसाळ्यात चेंबरच्या भेगांतून ओढ्याचं पाणी आत शिरतं आणि लाईन क्षमतेच्या कितीतरी पट भरते. उन्हाळ्यात त्याच भेगांतून मैला ओढ्यात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आठवा. तसल्या प्रवाहापुढे उघडा पाईप आणि विटांचं चेंबर टिकत नाही. शिवाय जेटिंगची गाडी तिथे पोचत नाही, म्हणजे तुंबल्यावर कुणी काही करू शकत नाही.

रस्ता खरोखर अडलाच असेल आणि हाच मार्ग उरला असेल, तर अटी घाला. आराखडा महापालिकेच्या ड्रेनेज विभागाने मंजूर केलेला हवा आणि काम त्यांच्याच देखरेखीखाली व्हायला हवं, नाहीतर लाईन ताब्यात घेणार कुणी नाही. पाईप पात्रात नको, काठाच्या वर. ओढा ओलांडतो तिथे काँक्रीटचं पूर्ण आवरण. चेंबर आरसीसीची, झाकणं पूररेषेच्या वर आणि सीलबंद. गाडी जाईल एवढी पट्टी मोकळी.

पाईप बसवतानाही उभं राहून बघा. काळ्या पाषाणात चर खणला की तळ दातेरी असतो. १५० मिमी जास्त खोदून खाली क्रश सँडचा थर द्यावा लागतो. नाहीतर पाईप दोन-तीन टोकांवर टेकतो आणि वरून डंपर गेला की तडा. डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीचा प्लास्टिक) पाईप हलका आणि लवकर बसतो, पण तोच फोडलेला दगड परत भरला तर पाईप दबून अंडाकृती होतो. रस्त्याखाली आरसीसी एनपी-३ (जड वाहतूक पेलणाऱ्या वर्गाचा) पाईप आणि रबर रिंगचा जोड मागा. माती भरण्याआधी दोन चेंबरमधला प्रत्येक टप्पा बंद करून पाणी भरून ठेवा, पातळी उतरते का बघा. मग एका चेंबरला दिवा आणि दुसऱ्याला आरसा धरा: पूर्ण गोल दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर मध्ये पोट पडलंय, काढून पुन्हा बसवायला लावा.

एसटीपी_रोज

लाईन मिळणार म्हणून एसटीपी बंद करायचा ठराव कुणी आणला तर थांबवा. पर्यावरण मंजुरीची अट लाईन आल्यावर आपोआप संपत नाही. फ्लशिंगला माणशी ४५ लिटर धरले तर तुमचे दिवसाला साडेचौऱ्याण्णव हजार लिटर त्यातच जातात. तेवढं गोडं पाणी नव्याने आणायचं तर पिसोळीत तो टँकरच. एसटीपी चालू ठेवा. लाईनला फक्त जास्तीचं शुद्ध पाणी आणि बंद पडल्यावरचा बायपास जोडा.

बाग वगळून तुमचे सव्वा लाख लिटरच्या आत-बाहेर उरत असणार, म्हणजे दहा हजारी बारा टँकर. ते कुठे रिकामे होतात याची पावती आजपासून मागा. पावती मिळत नसेल तर ते ओढ्यात जातंय असं समजून चला. टाकी साफ करायला सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या हाताने मैला सफाईबंदी कायद्याने गुन्हा आहे. असा मृत्यू झाला तर ३० लाखांची भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं आहे. सक्शन मशीनच बोलवा.

जोडणीच्या दिवशीच्या दोन गोष्टी. गच्चीच्या पावसाळी पाईपांपैकी एकही ड्रेनेजला जोडलेला नको. एका मोठ्या गच्चीचं तासाभराचं पाणी अख्ख्या सोसायटीच्या सकाळच्या सांडपाण्यावर भारी पडतं. आणि बेसमेंटचा कुठलाही ट्रॅप (जमिनीतलं सांडपाण्याचं तोंड) गुरुत्वाने लाईनला जोडू नका. महापालिकेचं चेंबर तुंबलं की मैला सगळ्यात खालच्या तोंडातून परत येतो, आणि ते तोंड बेसमेंटचं असतं. बेसमेंटचं पाणी संपमध्ये घेऊन पंपानेच वर चढवायचं, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह.

हडपसर_२८

पैसे भरण्याच्या प्रश्नाला कुणी थेट उत्तर दिलं नाही. माझं मत: सोसायटीने मुख्य लाईनचे पैसे देऊ नयेत. मलनिःसारण हे महापालिका अधिनियमात महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नाही. तुमच्या गेटपासून सार्वजनिक चेंबरपर्यंतची जोडणी तेवढी तुमची.

तुमची इमारत बांधणाऱ्या विकासकाचं वेगळं. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेरा (गृहप्रकल्प नियमन) कायद्याच्या कलम १४(३) मध्ये सेवांमधली त्रुटीही येते, फक्त भिंतीच्या भेगा नाहीत. हमीपत्र हातात आलं की आधी त्याला लेखी कळवा, मुदत उलटू देऊ नका.

पूर्वगणनपत्रक

@हडपसर_२८, तत्त्व मान्य. तरी एक सवड ठेवतो. सर्व्हे आणि एल-सेक्शनचा खर्च सोसायट्यांनी वाटून घ्यावा. तो थोडा असतो आणि त्याने महिने वाचतात. त्यापुढे शेजारच्या विकासकाने काम करायचं असेल तर ते महापालिकेशी करार करून, त्याच्या शुल्कात समायोजन मागून करावं, म्हणजे लाईन पहिल्या दिवसापासून सार्वजनिक राहते. नाहीतर उद्या तोच पुढच्या प्रकल्पाला "माझी लाईन" म्हणून जोडणी नाकारेल किंवा पैसे मागेल.

@पिसोळीकर_४२०, अर्ज तिन्ही प्रकल्पांचा एकत्र करा, पण आजची आणि पूर्ण वस्तीनंतरची लोकसंख्या वेगवेगळी लिहा. आजच्या आकड्यावर लाईनचा वेग तपासतात, पुढच्या आकड्यावर व्यास. लेव्हल आल्या की इथे टाका, जोड बसतो का बघून सांगतो.