मदत हवी आहे: टॅनिंग बेड सोडू पाहणाऱ्या तरुणींसाठी एसएमएस कसे लिहावेत?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात मी आरोग्यशिक्षणाचे काम करते. टॅनिंग बेडवर, म्हणजे अतिनील दिव्यांखाली झोपून त्वचा रापवून घेण्याची सवय ज्या विद्यार्थिनींना सोडायची आहे, त्यांच्यासाठी जानेवारीपासून सहा आठवडे एसएमएस पाठवण्याचा उपक्रम आम्ही आखला आहे. मसुदा तयार आहे, परंतु काही ठिकाणी मी अडले आहे. व्यसनमुक्ती, त्वचारोग किंवा संदेशयंत्रणा यांचा अनुभव असलेल्या सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

भारतातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली हे दिवे तंबाखूच्याच पंक्तीत, म्हणजे निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पहिल्या गटात बसवले. पस्तिशीच्या आत ही सवय लागलेल्यांमध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका सुमारे ५९ टक्क्यांनी अधिक आढळला आहे. ब्राझीलने त्याच वर्षी बंदी घातली आणि पुढे ऑस्ट्रेलियातही हा व्यवसाय बंद झाला. अमेरिकेत मात्र केंद्र सरकारची मजल २०१० पासूनचा दहा टक्के कर आणि २०१४ पासूनचा 'अठरा वर्षांखालील व्यक्तींनी वापरू नये' हा ठळक इशारा इथवरच गेली. अनेक राज्यांनी अल्पवयीनांना मनाई केली आहे खरी, पण अठरावे सरून विद्यापीठात आलेली मुलगी नेमकी त्या मनाईच्या बाहेर पडलेली असते, आणि आवाराबाहेरच्या काही निवाससंकुलांत टॅनिंग बेडची सोय भाड्यातच मिळते.

माझी मुख्य अडचण अशी की, कर्करोगाची माहिती या मुलींना आधीच आहे. बोलायला बसल्या की धोक्याचे आकडे त्याच मला सांगतात. त्यांना तिथे काय मिळते, हे विचारले तर उत्तरे वेगळी येतात: फेब्रुवारीच्या गोठवणाऱ्या थंडीत मिळणारी ऊब, फोन बाजूला ठेवून डोळे मिटण्याची दहा मिनिटे, स्प्रिंग ब्रेकच्या, म्हणजे वसंतातल्या सुट्टीच्या छायाचित्रांसाठी हवा असलेला रंग. यात केवळ हौस नाही. अतिनील किरणांमुळे त्वचेत बीटा-एंडॉर्फिन तयार होते, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, वरचेवर टॅनिंग करणाऱ्या आठ जणांना अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे नाल्ट्रेक्सोन दिले असता चौघांना मळमळ किंवा अस्वस्थता जाणवली होती. प्रयोग लहान आहे, पण 'मनावर घेतले की सुटेल' असे सांगून भागणार नाही, एवढे त्यावरून मला पटले. (गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती पाहत वाढलेल्या सावळ्या बाईने गोऱ्या मुलींना 'आहे तो रंग छान आहे' असे समोरासमोर सांगणे जरा अवघडच असते; एसएमएस त्या दृष्टीनेही मला सोयीचा वाटतो.)

मसुद्यातील दोन संदेश मराठीत देते.

'शनिवारी रंग हवा आहे? आज रात्री रंग देणारे लोशन लावलेस, तर उद्या सकाळी तो दिसेल. उन्हात जाताना सनस्क्रीन मात्र हवेच.'

'टॅनिंग सलूनकडून सवलतीचे संदेश येतात का? त्यांना स्टॉप असे उत्तर पाठव.'

दुसरा संदेश मला महत्त्वाचा वाटतो, कारण आमची स्पर्धा त्याच फोनमध्ये येणाऱ्या 'या आठवड्यात हवे तितके टॅनिंग' अशा जाहिरातींशी आहे. आता प्रश्न. संदेश कोणत्या वेळी पाठवावेत? लोशन सुचवल्याने रापलेल्या रंगाची ओढ तशीच राहील का? आणि एखादी मुलगी मध्येच पुन्हा सलूनमध्ये जाऊन आली, तर तिला काय लिहावे?

प्रतिसाद १

मी पुण्यात तंबाखूमुक्तीचे काम करतो. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली मिस्ड कॉल देऊन नोंदणी करण्याची एसएमएस सेवा सुरू केली, तिच्याशी आमच्या कामाचा संबंध येतो. वेळ आपण ठरवू नये; नोंदणीच्याच वेळी 'कोणत्या दिवशी, किती वाजता जाता?' असे विचारावे आणि त्याच्या तासभर आधी संदेश जाईल असे करावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या धूम्रपानमुक्ती सेवेत तलफ आली, मन उदास झाले किंवा पाय घसरला, तर एकेक शब्द पाठवून तत्काळ उत्तर मिळवण्याची सोय आहे. ती अवश्य ठेवा. घसरलेल्या मुलीला उपदेश नको. 'आज काय घडले?' एवढेच विचारा आणि पुढचा दिवस तिलाच निवडू द्या. सलूनची मासिक वर्गणी खात्यातून आपोआप वळती होत असेल, तर ती रद्द कशी करावी हे पहिल्याच आठवड्यात सांगा. पैसे भरलेले असले की माणूस ते वसूल करायला जातोच.

प्रतिसाद २

त्वचारोगतज्ज्ञ म्हणून लिहिते. लोशन सुचवण्यास माझी हरकत नाही. त्यातील डीएचए हे द्रव्य त्वचेच्या वरच्या मृत थराशी संयोग पावून रंग देते आणि साधारण आठवडाभरात तो उतरतो. फवाऱ्याने रंग लावणार असतील, तर डोळे, ओठ व नाक झाकून घ्यावे आणि फवारा श्वासावाटे आत जाऊ देऊ नये. रंगाची ओढ राहील, पण ती सहा आठवड्यांत काढण्याचा अट्टहास कशाला? किरण थांबले, तरी पुष्कळ साधले. सलूनवाल्यांचे दोन दावे मात्र खोडून काढा. 'टॅनिंगमुळे ड जीवनसत्त्व मिळते' हा पहिला: टॅनिंग बेडमधून प्रामुख्याने यूव्हीए प्रकारचे अतिनील किरण येतात, तर ड जीवनसत्त्वासाठी यूव्हीबी प्रकारचे लागतात. आणि 'आधी रापले की ऊन बाधत नाही' हा दुसरा: सहलीआधी रापून घेतल्याने मिळणारे संरक्षण एसपीएफ (सनस्क्रीनवर लिहिलेला संरक्षणाचा आकडा) ३ ते ४ इतकेच असते. कुणी तीळ बदलल्याचे कळवले (ते मेलॅनोमाचे लक्षण असू शकते), तर यंत्राचे ठरावीक उत्तर जाऊ देऊ नका. तिथे माणूसच हवा.

प्रतिसाद ३

मी संदेशयंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत आहे. दुसरा संदेश आहे तसा पाठवू नका. 'स्टॉप' हा शब्द वाचून अनेक जणी तो तुमच्याच क्रमांकाला पाठवतील, आणि तो आल्याबरोबर यंत्रणा त्यांचे नाव आपोआप वगळेल. तसेच, इंग्रजी संदेशात एकही इमोजी आला, तर एका एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांवरून ७० वर येते आणि संदेशाचे तुकडे होऊन खर्च वाढतो.

धागाकर्ती

तिघांचेही मनःपूर्वक आभार. 'स्टॉप'चा धोका माझ्या ध्यानातच आला नसता. तो संदेश आता असा केला आहे: 'सलूनचा क्रमांक फोनमध्ये ब्लॉक कर. झाले की आम्हाला "झाले" एवढेच लिही.' वेळ नोंदणीतच विचारू, आणि वर्गणी रद्द करण्याचा संदेश तिसऱ्या दिवशी ठेवू. तिळाबाबतचे संदेश आमच्या परिचारिकेकडे जातील, परंतु त्या संध्याकाळी पाचनंतर नसतात. रात्री आलेल्या अशा संदेशाला सकाळपर्यंत कोणते उत्तर ठेवावे, हे कृपया प्रतिसाद २ लिहिणाऱ्या डॉक्टरांनी सुचवावे.