मनिलाचा डिसेंबर: छोटे चित्रपट आधी बघा

कुणीतरी विचारलंय की फिलिपिन्सचा मेट्रो मनिला फिल्म फेस्टिव्हल 'पिफ'सारखा (पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासारखा) पास काढून बघायचा असतो का. नाही. तिथे चित्रपट नेहमीच्या थिएटरांत, नेहमीच्या तिकिटावर लागतात. १९७५ पासून चालत आलेल्या या महोत्सवाचं खरं बळ त्याच्या तारखांत आहे: २५ डिसेंबरपासून साधारण दोन आठवडे देशभरातल्या थिएटरांत जवळपास फक्त निवडलेले फिलिपिनो चित्रपट. नाताळच्या सुट्टीत हॉलिवूडला बाजूला ठेवायचं, हे धाडस मला फार मोलाचं वाटतं.

निवडीत काही चित्रपट पटकथेवरून, काही पूर्ण झालेले पाहून घेतात. २०१६ मध्ये फक्त पूर्ण चित्रपट घेतले होते, तेव्हा लहान निर्मात्यांना मोठी संधी मिळाली. पुढच्याच वर्षी निम्म्या जागा पुन्हा पटकथांना गेल्या. पटकथेवर जागा आधीच पक्की झाली की मोठ्या स्टुडिओला कलाकार आणि जाहिरात जुळवायला वेळ मिळतो.

अडचण सुरू होते पहिल्या दिवसाच्या गल्ल्यावर. ज्याला गर्दी नाही त्याचे खेळ थिएटरवाले लगेच कमी करून चालणाऱ्याला देतात. पुरस्कार साधारण २७ तारखेला जाहीर होतात, तोवर एखाद्या चांगल्या चित्रपटाचे पडदे गेलेले असू शकतात. म्हणून छोटा चित्रपट २५-२६ लाच गाठा, स्टारवाला नंतरही मिळतो. इंग्रजी सबटायटल सगळीकडे असतीलच असं नाही, तिकीट काढण्याआधी थिएटरला विचारा.